वर्गाचा वेग आणि मुलाचा वेग

वर्गातल्या सर्व मुलांनी एकाच दिवशी एकच धडा शिकावा, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही कधीतरी आरंभ झाला असेल, हे आपल्या मनात येत नाही. वस्तुतः ती फार जुनी नाही. इंग्रजी अमलापूर्वीच्या पंतोजींच्या शाळेत इयत्ता नव्हत्या. धूळपाटीवर अक्षरे गिरवणारा, पाढे म्हणणारा आणि मोडीचा कित्ता घोटणारा अशी निरनिराळ्या टप्प्यांवरची मुले एकाच पडवीत बसत. ज्याचे झाले तो पुढे जाई. या शाळांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तेथे छडी होती, घोकंपट्टी होती, आणि मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले बहुतांशी उंबरठ्याबाहेरच होती. पण जो आत आला त्याच्यावर इतरांच्या वेगाने चालण्याची सक्ती नव्हती.

ही गोष्ट एका परक्या माणसाच्या ध्यानात आली. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था १७८९ पासून पाहणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत वाळूवर बोटाने अक्षरे काढणारी मुले पाहिली. ती रीत त्यांनी उचलली, आणि पुढे गेलेल्या मुलांकडे मागच्यांना शिकवण्याचे काम सोपवले. त्यावरचे त्यांचे पुस्तक १७९७ मध्ये लंडनला निघाले. त्याच सुमारास जोसेफ लँकेस्टर यांनीही तेथे अशीच पद्धत चालवली. कमी पैशांत शेकडो मुले शिकवण्याची युक्ती म्हणून तिचा बोलबाला झाला. पुढे एकोणिसाव्या शतकात प्रशिया आणि अमेरिका येथे वयावर बेतलेल्या इयत्ता, प्रत्येक इयत्तेला खोली आणि खोलीला एक शिक्षक, ही घडी बसली व जगभर पसरली. व्यवस्था सोयीची होती. पण तिने ‘मागे पडलेला विद्यार्थी’ नावाचा एक नवा प्राणी जन्माला घातला. सर्वांनी एकत्र चालायचे ठरले नसते, तर मागे कोण राहिले असते?

विसाव्या शतकातली शिकवणारी यंत्रे या प्रश्नाच्या पोटी जन्मली. सिडनी प्रेसी यांनी १९२० च्या दशकात अमेरिकेत प्रश्न विचारून उत्तर तपासणारे यंत्र केले. १९५३ मध्ये बी. एफ. स्किनर आपल्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले. काही मुलांचे गणित केव्हाच सुटले होते, काही अडकून पडली होती, आणि आपले उत्तर बरोबर की चूक हे कोणालाच लगेच कळत नव्हते. त्यातून स्किनर यांचे यंत्र उभे राहिले. १९६० मध्ये इलिनॉय विद्यापीठात ‘प्लेटो’ ही संगणकप्रणाली सुरू झाली. १९६६ मध्ये पॅट्रिक सपीझ यांनी भाकीत केले की अलेक्झांडरला ॲरिस्टॉटल लाभला, तसा गुरू संगणकामुळे लक्षावधी मुलांना लाभेल. वचन दर पिढीत तेच राहिले, यंत्र तेवढे बदलत गेले.

गंमत अशी, की इंटरनेटवरचा वर्ग आला तेव्हा त्याने प्रथम नक्कल केली ती जुन्या खोलीचीच. ‘गूगल क्लासरूम’ २०१४ मध्ये सुरू झाले, ते सर्वांना एकच स्वाध्याय आणि एकच मुदत घेऊन. निवडक विद्यार्थ्यांना वेगळा स्वाध्याय देण्याची सोय २०१७ मध्ये जोडली गेली. मुलांमधला फरक हा पाया नव्हता, मागाहून दिलेली पुरवणी होती.

मग फरक कशाने पडतो? याचा एक पुरावा आपल्या जवळचाच आहे. ‘प्रथम’ या संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतलीच एखादी तरुणी मागे पडलेल्या मुलांना शाळेच्या वेळात वेगळे बसवून मूळ वाचन व गणित शिकवी. बडोद्यात याबरोबर संगणकावरील गणिताच्या खेळांचाही प्रयोग झाला. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन्ही उपायांचा लाभ दिसला. दिल्लीतील ‘माइंडस्पार्क’ या प्रणालीचा अभ्यास २०१९ मध्ये आला. तेथे सहावीतली मुले गणितात सरासरी अडीच इयत्ता मागे होती, आणि नुसत्या नेहमीच्या शाळेत तळाच्या एक-तृतीयांश मुलांची प्रगती जवळजवळ शून्य होती. प्रणालीने प्रत्येकाला त्याच्या पातळीवरून प्रश्न दिले, तेव्हा ही मुलेही पुढे सरकली.

बालसखीपाशी यंत्र नव्हते, माइंडस्पार्कपाशी होते. दोघांत समान होते ते इतकेच, की मुलाला त्याच्या इयत्तेवरून नव्हे, तर त्याला जे येते तेथून उचलले गेले. आम्हांला या इतिहासाचे मर्म येथे दिसते. साधनाचे मोल त्याच्या चकाकीत नाही. कोण कोठे अडला हे ते शिक्षकाला सांगते का, आणि ते कळल्यावर शिक्षकाला काही करण्याची मोकळीक आहे का, यात आहे.

पहिली गोष्ट आज बरीच सोपी झाली आहे. दुसरी अवघड आहे, आणि तिचे उत्तर कोणत्याही प्रणालीत सापडणार नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९, याच्या चोविसाव्या कलमात शिक्षकाची दोन कर्तव्ये शेजारी शेजारी लिहिली आहेत: संपूर्ण अभ्यासक्रम ठरलेल्या मुदतीत पुरा करणे, आणि प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता जोखून त्याला लागेल ते जादा शिक्षण देणे. सातवीतल्या मुलाला हातच्याची वजाबाकी येत नाही, हे पडद्यावर स्पष्ट दिसत असताना बाईंनी त्या दिवशी समीकरणे शिकवायची की वजाबाकी? पोर्शन पुरा झाला का, हे विचारायला वरून माणसे येतात. वजाबाकी आली का, हे विचारणारे जोवर कोणी येत नाही, तोवर या प्रश्नाचे उत्तर बाईंच्या हाती नाही, आणि पडद्याच्या तर मुळीच नाही.