घरातील वाळवी : ओळख, प्रतिबंध आणि औषध मारताना घ्यायची काळजी

वाळवी (उधई) माणसाला रोग देत नाही. धोका असतो तो तिच्यावर मारलेल्या औषधाचा. सेलू परिसरात कपाशीसाठी आणलेले कीटकनाशक अनेकदा घरातच असते आणि वाळवी दिसली की तेच चौकटीत ओतले जाते. हे टाळायला हवे.

वाळवी कशी ओळखावी?

• भिंतीवर किंवा चौकटीवर पेन्सिलीएवढ्या जाडीच्या मातीच्या रेघा दिसतात. थोडी माती खरवडा. आत पांढरट किडे असतील तर वाळवी सक्रिय आहे.
• लाकूड ठोकल्यावर पोकळ आवाज येतो.
• पहिल्या पावसानंतर घरात गळालेले पंख सापडतात. पंखवाल्या मुंगीची कंबर बारीक असते, वाळवीची नसते.

प्रतिबंध कसा करावा?

जमिनीतून येणाऱ्या वाळवीला ओल आणि लाकूड दोन्ही लागतात.

• पऱ्हाटी, तुराट्या आणि सरपण भिंतीला लावून रचू नका.
• काळी माती उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे जोत्याला आणि फरशीला भेगा पडतात. त्या पावसाळ्यापूर्वी बुजवा.
• गळके नळ आणि छत दुरुस्त करा. ओल गेली की बुरशीही कमी होते. घरात दम्याचा रुग्ण असल्यास त्याचाही फायदा होतो.
• कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवा.

औषध मारावे लागल्यास

वाळवीसाठी वापरले जाणारे क्लोरपायरिफॉस हे ऑरगॅनोफॉस्फेट गटातील विष आहे. ते श्वासातून, त्वचेतून आणि तोंडावाटे शरीरात जाते. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचा जीव गेला. तेही मोकळ्या शेतात. बंद खोलीत तर वाफ साचून राहते.

म्हणून काम परवानाधारक व्यक्तीकडूनच करून घ्या. ते जमीन व भिंतीच्या सांध्यात छिद्रे पाडून औषध आत सोडतात. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि दम्याचे रुग्ण यांना त्या काळात दुसरीकडे ठेवा. अन्न व पाणी झाका, नंतर खिडक्या उघड्या ठेवा. विहीर किंवा बोअरवेल जवळ असल्यास आधीच सांगा. औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरू नका.

विषबाधेची लक्षणे

भरपूर घाम, तोंडाला लाळ, डोळ्यांतून पाणी, बारीक झालेल्या बाहुल्या, उलटी, जुलाब, स्नायू फडफडणे, धाप लागणे, झटके.

लगेच काय करावे?

1. रुग्णाला मोकळ्या हवेत आणा.
2. हातात मोजे घालून त्याचे कपडे काढा आणि अंग साबण-पाण्याने धुवा.
3. उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध किंवा तूप देऊ नका.
4. 108 वर फोन करा. औषधाचा डबा किंवा त्यावरील चिठ्ठी सोबत घ्या.

रुग्णालयात अॅट्रोपिनसारखी औषधे आणि गरजेनुसार कृत्रिम श्वास देता येतो. लक्षणे वाढण्याची वाट पाहू नका.