आपली खरी उडती रुग्णवाहिका

एअर अ‍ॅम्ब्युलन्स म्हटलं की श्रीमंतांचं चार्टर विमान आठवतं. पण मंडळी, आम्हा एकलहरेकरांच्या शेजारी, गांधीनगरला, २००३ पासून लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक तयार होतात. माझ्या मते आपली खरी उडती रुग्णवाहिका म्हणजे त्यांचं चीता!

हे मूळचं फ्रेंच 'लामा'. भारतीय सैन्याला हिमालयासाठी हेलिकॉप्टर हवं होतं, म्हणून फ्रेंचांनी हलक्या अल्वेत-२ च्या सांगाड्याला अल्वेत-३ चं दमदार इंजिन जोडलं. १९६९ मध्ये ते प्रथम उडालं. १९७२ मध्ये जाँ बुले यांनी ते १२,४४२ मीटर उंच नेऊन विक्रम केला. पुढे एचएएलने ते भारतातच बनवलं.

सियाचेनवर १९८४ साली सैन्य गेलं, तेव्हापासून किती आजारी, जखमी जवान याच यंत्रानं खाली आणले! विरळ हवेत पाती कमी भार पेलतात. म्हणून वैमानिकाला किलोकिलोचा हिशोब. इंधन जास्त भरलं तर रुग्ण उचलता येत नाही, कमी भरलं तर परतीची शाश्वती नाही.

चार्टर कंपनीच्या पायलटवरही मागे झोपलेल्या माणसाचा भार असतोच. ६ मे २०२१ ला नागपूरहून रुग्णाला घेऊन उडतानाच एका छोट्या विमानाचं चाक निखळलं. कॅप्टन केसरी सिंग यांनी मुंबईत फेस पसरलेल्या धावपट्टीवर ते पोटावर उतरवलं. पाचही जण सुखरूप.

बरं झाल्यावर आपण डॉक्टरांना पेढे देतो. पायलटचं तर तोंडही पाहिलेलं नसतं.. असो. निदान आठवण तरी ठेवूया.