दोन क्रमवार याद्यांमधल्या समान नोंदी कशा शोधायच्या?

भंडारा जिल्हा म्हणजे धानाचा जिल्हा, म्हणून उदाहरणही धानाचंच घेतो. समजा, खरेदी केंद्रावर दोन याद्या आहेत: एक नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची, दुसरी प्रत्यक्ष धान मोजून दिल्याच्या पावत्यांची. दोन्हींत नोंदणी क्रमांक आहे. जो क्रमांक दोन्हीकडे सापडेल, त्याचेच चुकारे निघणार. म्हणजे प्रोग्रामची एक चूक कुणाच्या तरी खिशाला लागणार.

साधा मार्ग म्हणजे प्रत्येक पावतीसाठी अख्खी यादी चाळणं. ४०,००० शेतकरी आणि ३०,००० पावत्या असतील, तर १२० कोटींपर्यंत तुलना होतात. पण दोन्ही याद्या चढत्या क्रमाने लावलेल्या असतील, तर तेच काम ७०,००० पेक्षा कमी तुलनांत होतं.

पद्धत: दोन बोटं

१. दोन्ही याद्यांच्या पहिल्या नोंदीवर एकेक बोट ठेवा.
२. आकडे सारखे असतील, तर नोंद लिहून घ्या आणि दोन्ही बोटं पुढे न्या.
३. सारखे नसतील, तर लहान आकड्यावरचं बोट पुढे न्या.
४. कोणतीही एक यादी संपली की थांबा.

उदाहरण:
पहिली यादी: ३, ७, १२, १८, २५
दुसरी यादी: ५, ७, १८, १९, २५, ३०

उत्तर ७, १८, २५. तुलना फक्त ७ लागल्या; साध्या मार्गात ३० पर्यंत गेल्या असत्या.

लहान आकडा बिनधास्त का सोडायचा? कारण समोरच्या यादीत आता त्याच्याहून मोठेच आकडे उरलेत. तो पुढे भेटणं शक्यच नाही. शिवाय मेमरीत एका वेळी प्रत्येक यादीची एकच नोंद लागते, त्यामुळे फाईल कितीही मोठी असली तरी चालतं. पोस्टग्रेस डेटाबेसमधला ‘मर्ज जॉइन’ याच तत्त्वावर चालतो.

इथे सांभाळा

एका शेतकऱ्याच्या दोन पावत्या असू शकतात. मग जुळल्यावर मी फक्त पावतीचं बोट पुढे नेतो, शेतकऱ्याचं तिथेच ठेवतो. नाहीतर दुसरी पावती सुटते.

क्रम दोन्हीकडे एकाच नियमाने लावलेला हवा. आकडे मजकूर म्हणून लावले, तर १०० हा २५ च्या आधी येतो. एक यादी अशी आणि दुसरी संख्येप्रमाणे असेल, तर प्रोग्राम एरर न देता नावं गाळतो. लिनक्समधली ‘कॉम’ कमांड वापरताना तर दोन्ही फाईली मजकुराच्या क्रमानेच लावलेल्या लागतात.

एक यादी अगदीच छोटी, म्हणजे १० नावांची असेल, तर दोन बोटांच्या भानगडीत पडू नका. ४०,००० नोंदींत बायनरी सर्च केला, तर प्रत्येक नाव साधारण १६ पायऱ्यांत मिळतं.

आणि याद्या क्रमवार नसतील तर? आधी क्रम लावा. तेवढी मेमरी असेल, तर हॅश टेबल वापरा.