करार कोणाशी झाला होता?

ब्रेक लागला नाही किंवा स्टिअरिंग हातातच गरगरलं आणि हाडं मोडली, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीवर दावा लावता येतो, हे आज कुठलाही वकील सांगेल. या हक्काची कुळकथा मात्र इंग्लंडमधल्या टपालाच्या घोडागाडीपासून, आणि तीही एका पराभवापासून सुरू होते.

१८४० मध्ये ती गाडी वाटेत मोडली आणि विंटरबॉटम हा गाडीवान जन्माचा लंगडा झाला. गाडी पुरवून ती ठाकठीक ठेवण्याचा करार राईट नावाच्या माणसाने टपालखात्याच्या प्रमुखाशी केला होता. गाडीवान दुसऱ्याच ठेकेदाराचा नोकर. १८४२ मध्ये निकाल लागला तो गाडीतल्या दोषावर नव्हे, करार कोणाशी होता यावर. अशा दाव्याला वाट दिली तर उद्या रस्त्याने जाणारा-येणाराही कोर्टात येईल, अशी न्यायाधीश लॉर्ड अ‍ॅबिंजर यांना धास्ती. (त्यांना जे भयंकर वाटलं, तोच आज कायदा आहे.)

कराराच्या या भिंतीला न्यूयॉर्कमध्ये १८५२ साली फट पडली. डँडेलियनचा अर्क म्हणून बेलाडोनाचं विष विकलं गेलं होतं. जिवावर बेतणाऱ्या वस्तूला करार लागत नाही, असं कोर्टाने ठरवलं. मोटार तशी वस्तू आहे का? मॅकफर्सन नावाच्या थडग्याच्या दगडांच्या कारागिराने दुकानदाराकडून ब्युइक घेतली. चाकाचे लाकडी आरे तुटले आणि तो बाहेर फेकला गेला. चाक ब्युइकने दुसऱ्या कारखान्याकडून आणलं होतं, पण तपासलं नव्हतं. १९१६ मध्ये न्यायमूर्ती कार्डोझो यांनी कंपनीला जबाबदार धरलं: निष्काळजीपणे बनवलेली मोटार जीव घेऊ शकते, आणि ती दुकानदार नव्हे, गिऱ्हाईक वापरणार हे कंपनीला ठाऊक असतंच.

तरी निष्काळजीपणा सिद्ध करण्याचं ओझं जखमीवरच राहिलं. मला वाटतं, खरी कलाटणी मिळाली ती हेनिंगसेन खटल्यात. न्यूजर्सीतल्या एका नवऱ्याने १९५५ मध्ये बायकोला मदर्स डेची भेट म्हणून प्लिमथ मोटार घेतली. दहाच दिवसांत, ४६८ मैलांवर, बॉनेटखाली काहीतरी तडकल्याचा आवाज आला, स्टिअरिंग तिच्या हातात फिरलं आणि गाडी भिंतीवर गेली. पुढचा भाग इतका चेपला की दोष नेमका कुठे, हे दाखवायला पुरावाच उरला नाही. खरेदीच्या कागदामागच्या बारीक अक्षरांत कंपनीची जबाबदारी सदोष भाग बदलून देण्यापुरती होती. गाडी घेणारी ती नव्हती, तरी १९६० मध्ये तीच जिंकली. कोर्टाने बारीक अक्षरं बाजूला सारली.

आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादनदायित्वाचं स्वतंत्र प्रकरण आलं. दोष असेल तर शारीरिक इजेची भरपाई मागता येते. मात्र गाडीत परस्पर फेरफार केले असतील तर कंपनीला सुटकेची वाट मिळू शकते. म्हणूनच अपघातग्रस्त गाडी भंगारात देण्याआधी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावी आणि तुटलेला भाग जपून ठेवावा.