अडीच किलोच्या बाळात चरबी कुठून आली?

परभणीकडे बाळ बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: “वजन किती भरलं?” अडीच किलोच्या वर असलं की सगळे निश्चिंत. दिवस जाण्याआधी आईचं वजन किती होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. संशोधकांनीही हा प्रश्न उशिराच विचारला. त्याचीच ही गोष्ट.

१९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी रसद तोडली आणि पश्चिम हॉलंडमध्ये उपासमार झाली. १९७६ मध्ये लष्करी भरतीच्या नोंदींवरून त्या काळात पोटात असलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात आई उपाशी राहिली होती, त्यांच्यात एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणा जास्त निघाला. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या पिमा आदिवासींमध्ये दुसरं टोक दिसलं. गरोदरपणात आईला मधुमेह असेल, तर मुलं पुढे जास्त लठ्ठ होत होती. म्हणजे पोटातली उपासमार वाईट आणि पोटात साखरेचा पूर आला तरी वाईट.

आपल्याकडची गोष्ट १९९३ मध्ये सुरू होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायकांचं वजन दिवस जाण्याआधीच घेऊन ठेवलं. ते सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आता गंमत बघा. आपल्या बाळांचे स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते. पण पाठीवरची कातडी चिमट्यात धरून मोजली, तर चरबी फारशी कमी नव्हती! बाळ दिसायला बारीक, पण आतून चरबीचं. काट्यावर हे कळतच नाही.

मग आईनं नुसतं जास्त खायचं का? तसंही नाही. त्याच गावांत ज्या आया पालेभाज्या, फळं, दूध जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं मोठी होती. बऱ्याच जणींमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच इन्सुलिन नीट काम करत नसल्याच्या खुणा दिसल्या. हे निष्कर्ष २००८ मध्ये आले.

आता आपल्या मराठवाड्याकडे या. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आज्यांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडली. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्यांच्या पोटातल्या मुली पुढे आया झाल्या, आज त्याही आज्या आहेत. मुलीच्या अंडाशयातली बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. म्हणजे एका बाईच्या पोटात दोन पिढ्यांची तयारी चालू असते.

म्हणून मूल जाड झालं की “आईनंच लाड केले” म्हणणं मला पटत नाही. त्या आईचं शरीर घडलं तेव्हा तिला कुणी विचारलं होतं? पुण्याच्या गटानं २०१२ मध्ये पुढचं पाऊल टाकलं: त्याच अभ्यासात जन्मलेल्या मुलामुलींना, ते आईबाप होण्याआधीच, बी-१२ द्यायला सुरुवात केली.

तुमच्या घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी असेल, तर तिच्या ताटात दूध आणि पालेभाजी येते का, ते आज बघा. सून गरोदर राहिल्यावर सुरू केलेली काळजी थोडी उशिराचीच असते.