मदरबोर्ड : रिकाम्या जागांचा इतिहास

संगणक घ्यायला गेलं की आपण दोन प्रश्न हमखास विचारतो. प्रोसेसर कोणता आणि मेमरी किती? या दोन्ही वस्तू ज्या पाटावर बसतात, त्याची चौकशी मात्र क्वचितच होते. हा पाट म्हणजे मदरबोर्ड. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, पडदा, कळफलक ही सारी मंडळी एकमेकांशी बोलतात ती त्याच्यावरच्या तांब्याच्या वाटांनी.

श्रोतेहो, या पाटाचं मूळ रेडिओत आहे. पूर्वीच्या रेडिओचं झाकण उघडलं की आत तारांचा गुंता दिसे आणि एकेक सांधा हातानं डाग देऊन जोडलेला असे. व्हिएन्नाहून इंग्लंडला आलेल्या पॉल आइस्लर या अभियंत्यानं १९३६ च्या सुमारास तारांऐवजी छापील रेषांचं सर्किट वापरून रेडिओ तयार केला. आजच्या मदरबोर्डात अशाच रेषांचे अनेक थर एकमेकांवर दाबून बसवलेले असतात.

१९७५ मध्ये अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ हा छोटा संगणक आला, तेव्हा त्यात आजच्यासारखा मदरबोर्ड नव्हता. शंभर टोकांच्या खाचा होत्या आणि प्रोसेसरसुद्धा त्यातल्याच एका खाचेत बसणाऱ्या कार्डावर होता. १९७७ च्या ‘ॲपल २’ मध्ये प्रोसेसर मुख्य बोर्डावर आला आणि शिवाय आठ खाचा मोकळ्या ठेवल्या गेल्या.

खरी कलाटणी मिळाली १२ ऑगस्ट १९८१ रोजी. त्या दिवशी आयबीएमनं आपला ‘पीसी’ जाहीर केला. तो साधारण वर्षभरात तयार करायचा होता, म्हणून बाजारात मिळणारेच सुटे भाग घेतले गेले. बोर्डावर पाच खाचा ठेवल्या. इतकंच नव्हे, तर बोर्डाचे नकाशे आणि संगणक सुरू करणाऱ्या ‘बायोस’ या प्रोग्रॅमच्या ओळीही पुस्तकात छापून विकल्या. जणू पंगतीत पाच पाट मांडले आणि गावाला सांगितलं, या, बसा. लहानमोठ्या कंपन्या आपापली कार्डं घेऊन आल्याही.

बायोसवर मात्र आयबीएमचा कॉपीराइट होता. कॉम्पॅक कंपनीनं त्यावर कायदेशीर तोड काढली. बायोस काय काय काम करतो याची यादी काही जणांनी केली आणि त्याच्या मूळ ओळी न पाहिलेल्या दुसऱ्या माणसांनी त्या यादीवरून नवा प्रोग्रॅम लिहिला. मग इतरांनाही वाट सापडली आणि आयबीएमसारखे चालणारे संगणक ठिकठिकाणी तयार होऊ लागले.

१९८७ मध्ये आयबीएमनं दार लोटून घ्यायचा प्रयत्न केला. नव्या ‘पीएस/२’ संगणकांतल्या खाचा वेगळ्या होत्या आणि त्या वापरण्यासाठी शुल्क मागितलं गेलं. १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन आपली वेगळी खाच जाहीर केली. पुढे १९९२ मध्ये इंटेलची ‘पीसीआय’ आली आणि ती सर्वत्र रुजली. आयबीएमनं २००५ मध्ये आपला पीसीचा व्यवसाय लेनोव्होला विकला.

१९९५ च्या ‘एटीएक्स’ मापानं आणखी एक गोष्ट साधली. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं ठरलेल्या जागी. आधीच्या बोर्डांना विजेचे दोन प्लग लागत. काळ्या तारा शेजारी शेजारी ठेवायला चुकलं की बोर्ड जळण्याची भीती. एटीएक्समध्ये एकच प्लग आला आणि तो उलटा बसेना. एकाचा डबा, दुसऱ्याचा बोर्ड, तिसऱ्याचा वीजपुरवठा असा मेळ सोपा झाला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुळवून मिळणारा ‘असेंबल्ड’ संगणक अशाच ठरलेल्या मापांवर उभा आहे.

निवड करतानाही हाच इतिहास कामी येतो. आधी प्रोसेसर ठरवावा. त्याचं सॉकेट असलेलाच बोर्ड चालतो. त्या सॉकेटमध्ये पुढचे प्रोसेसर बसतील का, हेही विचारावं. एएमडीचं २०१६ मधलं ‘एएम४’ सॉकेट प्रोसेसरच्या अनेक पिढ्यांना पुरलं. मात्र नवा प्रोसेसर जुन्या बोर्डावर चालवायचा तर बायोस अद्ययावत करावा लागे. डीडीआर४ मेमरी डीडीआर५ च्या खाचेत बसत नाही. मेमरीच्या खाचा दोन की चार, हे मोजून घ्यावं. बोर्डाचं माप डब्याशी जुळवावं. हमीचा कागद जपून ठेवावा, कारण २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर फुगून कितीतरी बोर्ड निकामी झाले होते.

आज अनेक लॅपटॉपमध्ये मेमरी बोर्डालाच डाग देऊन पक्की केलेली असते. यंत्र पातळ होतं, हलकं होतं. पण मुलाच्या अभ्यासासाठी घेतलेला लॅपटॉप चार वर्षांनी अपुरा पडला, तर मेमरी वाढवता येत नाही, लॅपटॉपच बदलावा लागतो. साध्या पगारातल्या घराला हा खर्च जड जातो. म्हणून दुकानात आणखी एक प्रश्न जरूर विचारा : यात नंतर बसवण्यासाठी जागा किती मोकळी आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)