पोदेराचा पाव

सकाळी पोदेराच्या सायकलीची पोंपों ऐकू आली की मी पिशवी घेऊन दारात! पोयी मधोमध चिरायची, तव्यावर खरपूस करायची, वर पिकलेला टोमॅटो चोळायचा, मीठ-मिरपूड. झाली कचेरीत जायच्या आधीची न्याहारी.

पण मंडळी, यातले गोव्याचे मूळचे काय? टोमॅटो अमेरिका खंडातला. पाव १५१० नंतर पोर्तुगीजांबरोबर आला. 'पाव' शब्द त्यांचाच, 'पोदेर'ही त्यांच्या 'पादेरु'वरून. पीठ आंबवायला मात्र इथल्या माडाची सूर कामी आली, आणि चव आपली झाली. सासष्टीतले माजोर्डे गाव पोदेरांसाठी प्रसिद्ध आहे.

हिंदू घरांत हाच पाव बाटवणारा ठरला. परक्याच्या हातचा, त्यातही सूर घातलेला! माझ्या आजीने तो कधी स्वयंपाकघरात येऊ दिला नाही; आम्ही मुले सोप्यावर बसून चहात बुडवून खायचो. या सोवळ्याला हसणे सोपे आहे. पण सोळाव्या शतकात केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला न्यावा लागला, ती भीती पुढे चुलीपर्यंत पोचली, असे मला वाटते.

आता बहुतेक भट्ट्यांत सुरेऐवजी यीस्ट असते. बाटण्याची भीती गेली, तशी ती आंबूस चवही गेली.